नवऱ्याचं नाव सांगा

आमच्या बुधवारच्या बैठकीतले किस्से आता फार साठलेत. साठणारच. तिथं येणारी निम्मी माणसं सगळं विसरतात, त्यामुळे उरलेल्या निम्म्यांना दोघांच्या वाटणीचं लक्षात ठेवावं लागतं. मी बोलायला हळू आहे. चारचौघांत माझं वाक्य पुरं व्हायच्या आत विषय बदललेला असतो. म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं. शाळा सातवीपर्यंतच झाली, तेव्हा सांभाळून घ्या.

बैठक म्हणजे काय ते आधी सांगतो. वसईत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. दर बुधवारी सकाळी दहाला तिथं विसरण्याचा आजार झालेली माणसं येतात, आणि त्यांचा हात धरून आणणारी माणसं येतात. नेमानं येणारी आम्ही चार जोडपी. मी आणि माझी बायको इंदू. आमची सोनचाफ्याची वाडी आहे. पाचूबंदरची पार्वतीबाय आणि तिचा नवरा किसन, जन्मभर समुद्रावर गेलेला. वालीवच्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर फिलिप आणि त्याची बायको मॅगी. आणि नायगावच्या टॉवरमधले सावंतसाहेब आणि त्यांच्या मिसेस, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो. विसरणारी चौघं म्हणजे इंदू, किसन, मॅगी आणि वहिनी. लक्षात ठेवणारे आम्ही बाकीचे चौघं.

डॉक्टरबाई वयानं माझ्या नातीएवढ्या. अजून लग्न नाही. आणि त्यांचा आवडता विषय काय, तर माणसाच्या मेंदूत प्रेम कसं सुरू होतं आणि पुढे टिकतं कसं! फिलिप त्यांना म्हणायचा, "मॅडम, तुम्ही पोहण्याचं पुस्तक वाचलंय. पाण्यात आम्ही आहोत."

एक वस्तू राहिली. पार्वतीबायचा स्टीलचा फ्लास्क. आलं आणि गवती चहा घातलेला तो चहा तिनं उघडला की हॉलभर वास सुटायचा, पण तो चहा फक्त किसनचा. फिलिप दर बुधवारी मागायचा. दोन वर्षांत त्याला घोटभर मिळाला नाही. "ह्यांना अकराला लागतो," पार्वतीबाय म्हणायची. "तुमाला दिला तं ह्यांना काय देऊ, पानी?"

०

पार्वतीबाय किसनला पहिल्यांदा घेऊन आली तेव्हा खिडकीवरच्या मुलीनं केस पेपरसाठी पेशंटचं नाव विचारलं. पार्वतीबाय गप्प. मुलीला वाटलं, हिलाच आजार आहे.

"आजी, तुमचे मिस्टर ना? मग त्यांचं नाव सांगा."

"मी नाय घेनार," पार्वतीबाय म्हणाली. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण ती मुलगी नव्या टॉवरकडची, तिला हे कुठलं ठाऊक असणार? मागे रांग वाढत होती. शेवटी पार्वतीबायनं तिला खूण सांगितली, "तो देव नाय का, डोंगर उचलला त्यानं. तेच ह्यांचं नाव."

मुलीचा चेहरा खुलला. तिनं झरझर लिहिलं आणि कागद दिला. पार्वतीबायला वाचता येत नाही. पुढचे चार महिने नर्स दारात येऊन हाक मारायची, "हनुमान! हनुमान कोण आहे?" आणि किसन आपला शांत बसलेला असायचा. डॉक्टरबाईंनी फाईलमध्ये लिहिलं, स्वतःच्या नावाला प्रतिसाद देत नाही.

०

इंदूची पहिली टेस्ट मला अजून दिसते.

डॉक्टरबाईंकडे प्रश्नांचा एक कागद असतो. दर सहा महिन्यांनी तेच प्रश्न. वार कोणता, महिना कोणता, आपण कुठं बसलोय, मुलं किती, त्यांची नावं काय. आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर फुली. इंदूनं वार सांगितला. महिना तिनं मराठी सांगितला, तो बरोबर आहे का हे डॉक्टरबाईंना मोबाईलवर बघावं लागलं. दोन्ही मुलींची नावं सांगितली, जावयांची न विचारता सांगितली.

मग प्रश्न आला, "नवऱ्याचं नाव सांगा."

इंदूनं पदर डोक्यावर ओढला, खाली बघितलं आणि हसली. डॉक्टरबाई थांबल्या. पुन्हा विचारलं. इंदूनं माझ्याकडे हळूच बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. डॉक्टरबाईंनी फुली मारली.

मी म्हटलं, "मॅडम, तिला येतं. ती घेत नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलंय."

डॉक्टरबाई हसल्या. म्हणाल्या, उखाण्यात घेतलं तरी चालेल. इंदू म्हणाली, "लग्नात घेतलं तेवढं पुरे."

ते खरंच होतं. उंबरठ्यावर अडवल्यावर एकदा, आणि पुढे मुलींच्या लग्नात बायकांनी धरून बसवलं तेव्हा दोनदा. त्रेपन्न वर्षांत माझं नाव तिच्या तोंडून मी तीनदा ऐकलं. एरवी नुसतं "अहो". तेही पुरे व्हायचं. वाडीच्या त्या टोकाला असलो तरी मला ऐकू यायचं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाना, मला कळतंय. पण कागदाला उत्तर लागतं."

बाकावरून पार्वतीबाय बोलली, "मॅडम, त्या कागदाचं लगीन झालेलं दिसत नाय."

पुढे आणखी तीन टेस्ट झाल्या. वार गेला, महिना गेला. तिसऱ्या टेस्टला मोठ्या मुलीचं नाव गेलं, आणि ती मुलगी विरारहून मुद्दाम आलेली, शेजारीच बसलेली होती. ती जिन्यात जाऊन रडली. बरोबरच्या खुणा एकेक करून गळाल्या. नवऱ्याच्या नावापुढची फुली मात्र होती तशीच राहिली, आणि प्रश्न आला की इंदूचा हात पदराकडे जायचाच. मी कागदाकडे बघत नसे. मी तिच्या हाताकडे बघायचो. पदर डोक्यावर गेला की मला वाटायचं, चला, अजून सहा महिने मी आहे.

०

एका बुधवारी डॉक्टरबाईंनी प्लास्टिकचा मेंदू आणला. त्याचे भाग सुटे होतात आणि पुन्हा बसवता येतात.

त्यांनी एक आतला भाग दाखवला. म्हणाल्या, माणूस पहिल्यांदा कुणावर भाळतो तेव्हा इथं डोपामिन नावाचा रस सुटतो. तहान-भुकेसारखंच असतं ते. मग झोप लागत नाही, उगाच त्याच रस्त्यावरून चार वेळा जावंसं वाटतं. तो पूर काही काळानं ओसरतो. मग जवळ बसण्यानं, स्पर्शानं दुसरा एक रस काम करायला लागतो, ऑक्सिटोसिन. जोडपं टिकतं ते बरंचसं त्याच्यावर. ही नावं मला औषधाच्या चिठ्ठीसारखी पाठ झालीत.

पार्वतीबाय म्हणाली, "म्हंजे आधी उधान, मंग भरती-ओहोटी."

डॉक्टरबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी लिहून घेतलं.

तेवढ्यात फिलिपनं तो मेंदू मांडीवर घेतला होता. फिटर माणूस, हात स्वस्थ बसत नाहीत. सगळा सुटा केला आणि सगळा पुन्हा जोडला. छान बसला. पण हातात एक लहानसा, वाकडा तुकडा उरला, समुद्रघोड्यासारखा दिसणारा. फिलिपनं मेंदू हलवून बघितला, कुठं फट नाही, काही खुळखुळत नाही.

"मॅडम, हा नसला तरी सगळं बसतंय. कंपनीनं जास्तीचा दिला असेल."

डॉक्टरबाईंनी तो तुकडा हातात घेतला आणि म्हणाल्या, "फिलिपभाई, नव्या आठवणी इथं तयार होतात. आपल्या माणसांचा बहुतेक वेळा हाच भाग आधी झिजतो."

फिलिपनं मेंदू टेबलावर ठेवला.

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "आमच्या घरी पण असंच आहे. बाहेरून सगळं फिट."

०

सावंतसाहेब ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांना प्रत्येक गोष्ट वहीत लागते. डॉक्टरबाई बोलता बोलता म्हणाल्या, आपल्या माणसाला रोज जवळ घ्या, जरा वेळ धरून ठेवा, त्यानं तो दुसरा रस सुटतो. साहेबांनी पेन काढलं आणि विचारलं, "किती वेळ?"

डॉक्टरबाई काय बोलणार? म्हणाल्या, अर्धा मिनिट धरा.

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी मोबाईलवर टायमर लावून वहिनींना मिठी मारायला सुरुवात केली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, वहीत तीन रकाने. पण वहिनी दहाव्या सेकंदाला म्हणायच्या, "सोडा, भाजी लागेल." वहिनींनी दोन वर्षं गॅस पेटवलेला नव्हता. तरी साहेब सवयीनं स्वयंपाकघराकडे नाक करून वास घ्यायचे, तोवर मिठी सुटायची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून! फिलिप म्हणाला, "साहेब, भाजी उतरवून ठेवली म्हणून सांगा आणि मग धरा." साहेबांनी तसं केलं. ते चाललं.

एका बुधवारी साहेब आले ते वहीशिवाय. आम्ही विचारलं तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"नाना, काल संध्याकाळी टायमर वाजला. मी सोडलं. तिनं सोडलं नाही." मग चष्मा लावून म्हणाले, "वहीत त्याला रकाना नव्हता."

०

मॅगी मोठी धारदार बाई. फिलिप तिला चाळीस वर्षं घाबरून होता, आणि तो हे स्वतः सांगायचा. आजार वाढला तसं तिच्या मनातला फिलिप तरुण झाला. काळे केस, मिशी. घरात जो पांढऱ्या केसांचा म्हातारा फिरतो तो कोण, हे तिला कळेना.

एका सकाळी फिलिप तिच्या केसांना तेल लावायला बसला तर तिनं त्याचा हात झटकला. म्हणाली, "बऱ्या बोलानं जा. माझा नवरा शिफ्टवरून येईल आता. फिटर आहे. पान्यानं तंगडं मोडेल तुझं."

फिलिप हॉलमध्ये हे सांगताना हसत होता. "चाळीस वर्षं हिला घाबरलो. आता ही मला माझीच भीती घालते!"

आम्ही सगळे हसलो. मग पार्वतीबायनं विचारलं, मग तुम्ही काय केलं?

"काय करणार? उठलो. दाराबाहेर गेलो, बेल वाजवली आणि आत येऊन म्हटलं, मॅगी, शिफ्ट संपली."

"मग?"

"माझ्या मागे बघत बसली. म्हणाली, फिलिप कुठाय?"

०

ह्यानंतर दोन-तीन बुधवारांनी मॅगी हॉलमध्ये आली आणि सरळ जाऊन किसनच्या शेजारी बसली. किसन खिडकीबाहेर बघत होता. मॅगीनं त्याचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. किसननं तो काढला नाही. उलट दुसऱ्या हातानं तिच्या बोटांवरून अंगठा फिरवायला लागला, जाळ्याची गाठ तपासावी तसा. दोघांचे चेहरे असे काही झाले होते की मला बघवेना. नवं लग्न झालेली माणसं अशी दिसतात.

डॉक्टरबाई हळू आवाजात समजावत होत्या. तो भाळण्याचा जो आतला भाग आहे, तो फार जुना, फार खोल. तो उशिरापर्यंत जागा राहू शकतो. समोरचं माणूस कोण हे त्याला कळत नाही, नुसती ऊब कळते. ह्यात कुणाचा दोष नाही.

पार्वतीबाय आणि फिलिप भिंतीपाशी दोन खुर्च्यांवर बसून समोर बघत होते, सिनेमाला आल्यासारखे.

"पन्नास वर्सं," पार्वतीबाय म्हणाली. "माझा हात नाय धरला असा कदी. लाजायचे."

जरा वेळानं पार्वतीबाय म्हणाली, "आता तुमी न मी काय करायचं?"

"चहा द्या," फिलिप म्हणाला.

"चा नाय भेटनार."

अकरा वाजले होते. तिनं फ्लास्क उघडला, कप भरला, उठून किसनकडे गेली. त्याचा एकही हात मोकळा नव्हता. तिनं कप त्याच्या ओठांना लावला आणि तो पिऊन होईपर्यंत तशीच वाकून उभी राहिली.

०

डॉक्टरबाई म्हणाल्या, वासाची वाट मेंदूत आठवणींच्या अगदी शेजारून जाते. तेव्हा पुढच्या बुधवारी प्रत्येकानं आपल्या माणसाच्या ओळखीचा वास आणायचा.

सावंतसाहेबांनी वहिनींचा जुना पावडरचा डबा आणला. फिलिपनं मशीनचं ऑईल लावलेलं फडकं आणलं, मॅगीनं ते नाकाशी धरलं आणि परत दिलं. पार्वतीबायनं सुक्या बोंबलांची जुडी आणली! हॉलमध्ये एसी, खिडक्या बंद. पाच मिनिटांत खालच्या दातांच्या दवाखान्यातून माणूस वर आला, काही मेलंय का बघायला.

पण किसन तीन महिने एक शब्द बोलला नव्हता. त्यानं मान वर केली, नाक फुलवलं आणि म्हणाला, "वारा फिरला. होडी वर घ्या."

डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीबाय म्हणाली, "बगा. बोंबलाशी बोलले."

मी त्या पहाटे काढलेली चाफ्याची फुलं नेली होती, केळीच्या पानात. लग्न झाल्यापासून इंदूची एक रीत होती. फुलं काढून झाली, टोपल्या भरल्या, मी बाजाराला निघालो, की पहिलं काढलेलं फूल ती माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवायची. त्यावर कधी बोललो नाही आम्ही. आजार झाल्यावर ते थांबलं होतं. मी आठवण दिली नाही. आठवण देऊन ठेवलेल्या फुलाला काय अर्थ?

इंदूनं पान उघडलं. एकेक फूल उलटंसुलटं करून बघितलं, डागाळलेलं एक बाजूला टाकलं. मग एक निवडलं, माझ्याकडे वळली, माझा खिसा बोटानं उघडला आणि फूल आत ठेवलं. वरून हलकेच दाबलं, पडू नये म्हणून.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, हे कोण?"

इंदूनं पदर डोक्यावर घेतला. म्हणाली, "आमचे."

त्या दिवशी बैठक संपल्यावर मी थांबलो. आयुष्यात डॉक्टरला मी कधी जास्तीचा प्रश्न विचारला नाही, तो एकदाच विचारला. म्हटलं, "मॅडम, तुमच्या त्या मेंदूत मी कुठल्या भागात असेन?"

डॉक्टरबाईंनी विचार केला. म्हणाल्या, "नाना, तुम्ही एका जागी नाही. आवाज एकीकडे, चेहरा एकीकडे, सवय एकीकडे. त्रेपन्न वर्षं म्हणजे तुम्ही बऱ्याच ठिकाणी असणार. एकदम नाही जाणार तुम्ही."

मी म्हटलं, "म्हणजे थोडा थोडा."

त्या जिन्यापर्यंत पोचवायला आल्या.

०

पावसाळ्यात वहिनींना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. साहेब तेराव्यानंतरच्या बुधवारी इस्त्रीचा शर्ट घालून दहाला हजर! नेहमीच्या खुर्चीवर बसले, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, जागा धरल्यासारखी.

डॉक्टरबाई जवळ गेल्या. म्हणाल्या, साहेब, तुम्ही आता यायलाच हवं असं नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, सवय मेंदूत खोल असते असं तुम्हीच शिकवलंत. दहा वाजता घरात बसून बघितलं. जमलं नाही."

मॅगी त्यांच्या पलीकडे येऊन बसली आणि म्हणाली, "मिसेस नाही आल्या?" साहेबांनी खरं ते सांगितलं. मॅगी रडली, अगदी मनापासून. दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं. साहेबांनी पुन्हा खरं सांगितलं, आणि ती पुन्हा तशीच रडली, पहिल्यांदा ऐकावं तशी. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "खाली आहे. चपला काढतेय."

मॅगीचं समाधान झालं. पुढच्या बुधवारी तेच, त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच. "खाली आहे. येतेय."

आता साहेब अधूनमधून दाराकडे बघतात.

०

शेवटचा किस्सा गेल्या महिन्यातला. इंदूची पाचवी टेस्ट.

सकाळी मी तिला हिरवं नऊवारी नेसवलं. नेसवायला मी आता शिकलोय, निऱ्या तेवढ्या सरळ येत नाहीत. खिशात मीच एक फूल ठेवलं होतं. हॉलच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी डॉक्टरबाई बसल्या, समोर इंदू, तिच्या शेजारी मी. बाकावर पार्वतीबाय, फिलिप आणि सावंतसाहेब. टेस्ट असली की सगळे गप्प बसून ऐकतात, मुलांचा निकाल असल्यासारखे. माझं त्या फुलीवर किती लक्ष असतं ते त्यांना ठाऊक होतं.

आज वार कोणता? इंदू गप्प. फुली.

आपण कुठं बसलोय? "बाजारात." फुली.

मुलं किती? इंदूनं विचारलं, "कुणाला?" फुली.

एकेक करत कागद खाली सरकत होता. मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो मांडीवर होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नवऱ्याचं नाव सांगा."

इंदू ताठ बसली. पदर खांद्यावर होता तो खांद्यावरच राहिला. तिनं डॉक्टरबाईंकडे सरळ बघितलं आणि म्हणाली,

"जनार्दन."

अगदी स्वच्छ आवाजात. गावाचं नाव सांगून तिकीट मागावं तसं.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी पुन्हा विचारलं. इंदूनं पुन्हा सांगितलं, "जनार्दन," आणि पाठोपाठ आडनावही सांगितलं.

दोन वर्षांत त्या ओळीवर पहिल्यांदा बरोबरची खूण झाली. डॉक्टरबाईंनी ती जरा मोठीच काढली. त्यांचा चेहरा फुलला होता. "नाना, ऐकलंत? नाव घेतलं आजींनी!" सावंतसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. फिलिपनं माझ्या पाठीवर थाप मारली, मॅगीनं सगळ्यांचं बघून टाळ्या वाजवल्या. एकट्या पार्वतीबायनं वाजवल्या नाहीत.

गलबला झाला तशी इंदूनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. पायापासून वरपर्यंत, सावकाश. मग टेबलावर पुढे वाकली आणि आवाज खाली आणून डॉक्टरबाईंना म्हणाली,

"बाई, हे केव्हाचे बसलेत बिचारे. यांचा नंबर आधी घ्या."

पार्वतीबाय बाकावरून उठली. अकरा वाजायला अजून वेळ होता. तिनं फ्लास्कचं झाकण फिरवलं, कप काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.